एकतीस नंबरची शीळ

कालिंदी आगटे जन्मली कलकत्त्यात, वाढली कलकत्त्यात, आणि या शहराने तिच्या मराठीला एकच खोड लावून ठेवली होती. लिंगं चुकायची. बंगालीत क्रियापदाला बाई-पुरुष हा भेद नाही, त्यामुळे लहानपणापासून तिच्या तोंडी "फोन आली" आणि "ट्राम गेला" असंच यायचं. आई सुहासिनीबाई लग्न होऊन सांगलीहून इकडे आलेल्या. त्या चाळीस वर्षं न कंटाळता दुरुस्त करत राहिल्या.

"गेली, कालिंदी. ट्राम गेली."

"गेली तर गेली," कालिंदी म्हणायची, "आता दुसरा येईल."

वडील श्यामराव बंदर खात्यात नकाशे काढत. ते अचानक गेले तेव्हा कालिंदी इंटर होऊन घरी बसलेली होती आणि धाकटा भाऊ शाळेत होता. भावाचं शिक्षण होऊ दे, मग हिच्या लग्नाचं बघू, असं म्हणता म्हणता भाऊ इंजिनिअर होऊन जमशेदपूरला गेला, आणि लग्नाचा विषय काढायचं सगळ्यांनी हळूहळू सोडून दिलं. तिने त्याचं फारसं मनाला लावून घेतलं नाही. शहराच्या बेहाला भागातल्या दोन खोल्या, आई, आणि रोजचं काम एवढ्यात तिचं बरं चाललं होतं. कामावर तर तिचं प्रेमच होतं.

कॅमॅक स्ट्रीटवरच्या एका सरकारी कार्यालयात ती टेलिफोन ऑपरेटर होती. पूर्वेकडच्या राज्यांतल्या पुलांचे आराखडे तिथे होत. चार मजल्यांची इमारत, आत साठ टेलिफोन, आणि बाहेरच्या जगाकडे जाणाऱ्या लाइनी फक्त सहा. त्या साठ आणि सहांच्या मध्ये कालिंदी बसायची. समोर उभा लाकडी बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, प्रत्येक भोकावर मुगाच्या दाण्याएवढा दिवा. कुणी फोन उचलला की त्याचा दिवा लागे. मग दोरीचं एक टोक त्याच्या भोकात आणि दुसरं हव्या त्या भोकात घातलं, की दोन माणसं बोलायला मोकळी. प्रत्येक दोरीच्या मुळाशी एक कळ होती. ती पुढे ओढली की ऑपरेटरला दोघांचं बोलणं ऐकू येई, आणि मध्ये बोलताही येई.

या कळीवरून कालिंदीने बोर्डाला एक शिस्त लावली होती. एकोणसत्तर साली ओरिसातल्या एका पुलाच्या कामावर अपघात झाला. तिथला इंजिनिअर पाऊण तास फोन लावत होता आणि सहाच्या सहा लाइनी गुंतलेल्या लागत होत्या. नंतर कळलं की त्यांतल्या दोन लाइनींवर कुणी बोलतच नव्हतं. एका साहेबांनी रिसीव्हर नीट ठेवला नव्हता, आणि दुसरे साहेब समोरच्याला थांबवून चहाला गेले होते. सुदैवाने माणसं वाचली, पण तो पाऊण तास कालिंदीच्या डोक्यातून गेला नाही. तेव्हापासून नियम झाला: दर दहा मिनिटांनी प्रत्येक लाइनवर क्षणभर कान द्यायचा. बोलणं ऐकू आलं नाही तर तीनदा विचारायचं, "बोलताय का?" उत्तर आलं नाही तर दोरी काढायची. बोर्डावरच्या बाकी तिघीही हा नियम पाळायच्या. दुसऱ्या कचेऱ्यांत लोक एका लाइनसाठी तासभर ताटकळत, इथे पाच मिनिटांत मिळायची. कालिंदीला याचा अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीला नवं कुलूप आलं आणि दारावर पाटी लागली, 'सांख्यिकी : दोन'. सांख्यिकी एक कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या खोलीतला टेलिफोन एकतीस नंबरचा. पुण्याहून बदलून आलेला एक तरुण इंजिनिअर तिथे बसायचा. रोज दहाच्या ठोक्याला तो डमडमच्या पलीकडच्या एका संशोधन संस्थेचा नंबर मागायचा. कालिंदी जोडून द्यायची. आठ-दहा मिनिटांनी एकतीसचा दिवा पुन्हा लागायचा.

"बोर्ड? माफ करा, ती लाइन मध्येच सुटली. परत मिळेल का?"

त्याचं इंग्रजी ऐकून तिसऱ्याच दिवशी कालिंदीने मराठीत विचारलं, "तुमचं गाव कुठलं?"

पलीकडून एवढा मोठा श्वास, की तो तिला दोरीतून ऐकू आला. "पुणं! तुम्ही मराठी? मी शशिकांत ओगले. अहो, महिना झाला, मी घरच्या पत्रांखेरीज मराठीच पाहिली नाही."

शशिकांत सियालदहजवळ एका मेसमध्ये राहायचा आणि तिथल्या मोहरीच्या तेलाने हैराण झाला होता. पुढच्या रविवारी तो बेहालाला जेवायला आला. सुहासिनीबाईंनी थालीपिठं लावली. त्याने सहा खाल्ली आणि मग लाजला. तेव्हापासून एका रविवाराआड त्याचं पान आगट्यांकडे ठरून गेलं. तो तिला कालिंदीताई म्हणू लागला. पण खोलीत काय काम चालतं असं विचारलं, की तो ताटाकडे बघून म्हणायचा, "हिशेब. नद्यांचे."

लाइन मात्र सुटतच राहिली. कधी दहा मिनिटांत, कधी पाच. एकतीसच्या दोरीवर कान दिला की बोलणं ऐकू येत नसे. एक पातळ, एकसुरी शीळ मात्र यायची, किटलीच्या तोंडातून वाफ निघताना येते तशी. कालिंदी तीनदा विचारायची, "बोलताय का?" शीळ थोडी चरचरायची आणि बंद व्हायची. मग ती दोरी काढायची आणि तक्रारवहीत लिहायची: 'लाइन तीन, शीळ येते.' तीन नंबर वाईट म्हणून तिने चार नंबर दिला. त्यावरही शीळ. शेवटी तिने आपल्याकडची सर्वांत स्वच्छ लाइन, एक नंबरची, एकतीससाठी राखून ठेवली. पोराला काम करता यावं एवढाच हेतू. तिच्यावरही शीळ आली.

टेलिफोन खात्याकडे तिने अकरा तक्रारी नोंदवल्या. लाइनमन आला, त्याने सहाही लाइनी तपासल्या आणि म्हणाला, "दीदी, एकाही लाइनीला काही झालेलं नाही. एकदा कान दाखवून घ्या." छबी सेन यावर दिवसभर हसत होती. छबी बोर्डावर कालिंदीच्या खालोखालची. वयाने मात्र मोठी, निवृत्तीला दोनएक वर्षं राहिलेली, आणि कर्मचारी समितीची सभासद.

एक गोष्ट कालिंदीच्या लक्षात आली होती. शीळ फक्त एकतीसच्याच दोरीवर यायची. तिने शशिकांतला विचारलंही, "तुमच्याच लाइनवर शीळ का येतो?"

"येते," तो सवयीने म्हणाला, आणि मग घाईघाईने, "असेल काहीतरी लाइनचंच." पोरगा काहीतरी दडवतोय हे तिला कळलं. तिने पुढे विचारलं नाही.

मे महिना उजाडला. वीज दिवसातून दोनदा जायला लागली, आणि काही दिवस सगळं विजेवर ढकलता आलं. पण वीज असतानाही लाइन सुटायची. दिल्लीहून एक माणूस येऊन चार दिवस त्या खोलीत बसला आणि काही न सापडता परत गेला. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशासनाच्या दत्तगुप्ता साहेबांनी कालिंदीला बोलावलं.

"मिस आगटे, स्पष्टच विचारतो. बोर्डावरून कुणी मुद्दाम एकतीसची लाइन तोडतंय का?"

"मुद्दाम का तोडेल कुणी? एकतीसमध्ये आहे काय?"

"ते तुमच्या कामाचं नाही." साहेबांनी आवाज खाली आणला. "छबी सेन समितीवर आहे ना?"

कालिंदीचे कान तापले. तेवीस वर्षांत तिच्या बोर्डावर कुणी असा संशय घेतला नव्हता. "साहेब, माझ्या बोर्डावर कुणी मुद्दाम दोरी काढत नाही," ती म्हणाली. "काढलीच तर नियमाने काढतात."

हे बोलली, आणि आपलंच वाक्य तिला ऐकू आलं. नियमाने काढतात. एकतीसची दोरी रोज चार-चारदा नियमाने निघत होती. तिच्या स्वतःच्या नियमाने. ती साहेबांच्या खोलीतून बाहेर पडली ती बोर्डाकडे गेली नाही. जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेली आणि तिने त्या कुलूपवाल्या दारावर थाप मारली.

शशिकांतने दार बोटभर उघडलं. "कालिंदीताई? इथे कुणाला..."

"मला बघायचंय, माझी लाइन तुम्ही कशाला वापरता ते."

तिने 'माझी' बरोबर म्हटलं होतं. कदाचित त्यामुळेच तो बाजूला झाला.

आत टाइपरायटरसारखं एक यंत्र होतं, पण चांगलं टेबलाएवढं, आणि त्यातून कागद लोंबत होता. शेजारी एक लाकडी पेटी. पेटीवर रबराच्या दोन वाट्या, आणि त्या वाट्यांमध्ये टेलिफोनचा रिसीव्हर उताणा निजवलेला. पेटीतून शीळ येत होती. तीच शीळ.

शशिकांतने दार लावून घेतलं आणि सांगून टाकलं. डमडमच्या संस्थेत एक मोठा कॉम्प्युटर होता. इथून आकडे टाइप केले की ही पेटी त्यांचे सूर करायची, ते सूर टेलिफोनवरून तिकडे जायचे, आणि उत्तराचे सूर इकडे आले की हे यंत्र ते कागदावर छापायचं. "दोन यंत्रं शिट्या वाजवून एकमेकांशी बोलतात म्हणा ना. मध्ये शीळ क्षणभर तुटली, की तिकडच्याला वाटतं हा गेला. मग तो संबंध तोडून टाकतो. ती का तुटते, तेच तीन महिने कळत नाहीये."

कालिंदी पेटीकडे बघत राहिली. "म्हणजे ही शीळ हेच बोलणं?"

"हो."

"आणि आम्ही मध्ये जाऊन तीनदा विचारतो, बोलताय का, तेव्हा..."

"तुम्ही मध्ये येता?" शशिकांत उभाच राहिला. "बोर्डावरून मध्ये येता येतं?"

त्याला कळीचं काही माहीतच नव्हतं. पुण्याला त्याने थेट लाइनीवरच काम केलं होतं. इथे टेलिफोन उचलला की एक बाई लाइन देते, एवढंच तो जाणत होता. दोरी जोडून दिल्यावरही ती बाई तिथेच असते, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"करून बघू," कालिंदी म्हणाली. दोघांनी घड्याळं जुळवली. ती खाली गेली, आणि बरोब्बर अकरा वाजून पाच मिनिटांनी तिने एकतीसची कळ ओढून लगेच सोडली. अकरा दहाला पुन्हा ओढली, आणि रोजच्या आवाजात विचारलं, "बोलताय का?" दुसऱ्यांदा विचारायची वेळच आली नाही. शीळ बंद झाली होती.

तीन मजले धावत उतरून शशिकांत आला. त्याच्या हातात कागद होता. त्यावर आकड्यांच्या स्वच्छ ओळी होत्या, मग अकरा पाचला अर्धी ओळ गिचमिड, मग पुन्हा आकडे, आणि अकरा दहानंतर कोरं. "हेच!" तो म्हणाला. "डमडमला पत्रं लिहिली, दिल्लीचा माणूस आणला, पेटी दोनदा उघडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

कालिंदीने कागद हातात घेतला. पोराच्या वाटेतला दगड आपणच, हे तिला त्या अर्ध्या ओळीत दिसत होतं. तिला वाईट वाटलं, पण सापडल्याचं बरंही वाटलं.

"आता फक्त बाकीच्यांना सांगून टाका, एकतीसच्या कळीला हात लावायचा नाही," शशिकांत म्हणाला. "कारण नका सांगू. वरून सक्त ताकीद आहे."

कारण का नाही, हे तिला सांगायची गरज नव्हती. दहा-बारा वर्षांपूर्वी याच शहरात एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर येऊ नये म्हणून कर्मचारी रात्रंदिवस पहारा देऊन बसले होते. यंत्र आलं की माणसं जाणार, ही धास्ती घरोघर होती. म्हणून तर साहेबांनी खोलीला खोटी पाटी लावली होती. आणि खोटी पाटी लावली म्हणूनच बोर्डाला शीळ म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी हा प्रश्न मिटला असता.

"ओगले, कारण न सांगता हात लावू नका म्हटलं, तर माझ्या बोर्डावर सगळ्यात आधी त्याच कळीला हात लागेल," ती म्हणाली. "आणि छबीशी मी खोटं बोलणार नाही. एकवीस वर्षं आम्ही एका बाकावर बसतोय."

ती दत्तगुप्ता साहेबांकडे परत गेली. दोष बोर्डाचा आहे, माझ्या नियमाचा आहे, असं तिने सरळ सांगितलं, आणि बोर्डावरच्या बायकांना खरं सांगायची परवानगी मागितली. साहेबांनी तिचं म्हणणं मान्य केलं, पण परवानगी दिली नाही. "सांगितलंत तर तुमच्या नावाने मेमो निघेल."

"निघू दे," कालिंदी म्हणाली. उद्धटपणे नव्हे. चहा थंड झालाय, असू दे, असं म्हणावं तशी.

दुपारी डबा खाताना तिने छबीला सगळं सांगितलं. छबी ऐकत होती तोवर जेवत होती. मग तिने डब्याचं झाकण लावलं.

"किती दिवस माहीत आहे तुला?"

"आज सकाळपासून."

"आणि तो पोरगा तुझ्या घरी जेवायला येतो."

हे लागलं. "त्याने सांगितलं नाही, छबीदी. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं."

"आज पूल मोजतंय. उद्या बोर्ड चालवेल. मग?"

"चालवेलही. मला काय ठाऊक? पण मी रोज काय तोडते आहे ते मला माहीत नव्हतं, आणि तुलाही नव्हतं. ते मला पटत नाही. पुढचं तुम्ही समितीत ठरवा."

छबी त्या दुपारी तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. संध्याकाळी समिती बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून ठरलं: पाटी खरी होईपर्यंत एकतीसला लाइन नाही. तीन दिवस एकतीसचा दिवा लागायचा आणि विझायचा. कालिंदी समितीवर नव्हती, पण तिनेही दोरी लावली नाही. शशिकांत रविवारी जेवायला आला नाही. सुहासिनीबाईंनी त्याच्या वाटचं पीठ भिजवून ठेवलं होतं. त्यांनी त्याचे दोन रोट करून खाल्ले. मेमोही निघाला, टंकलेखनाच्या दोन चुकांसकट.

चौथ्या दिवशी संचालकांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बोलावलं. दत्तगुप्ता साहेब बोलायला उठले तेव्हा मागून आवाज आले, म्हणून संचालकांनी शशिकांतलाच उभं केलं. त्याचं बंगाली म्हणजे ओकार लावलेली मराठी. लोक आधी हसले, मग ऐकू लागले. नदीला पूर आला तर पाणी किती चढेल आणि पूल किती उंच बांधावा लागेल, हे यंत्र मोजतं, असं त्याने सांगितलं.

छबी उठली. "आधी कोण मोजायचं?"

"आपलीच माणसं. एका नदीला आठ आठवडे लागायचे."

"ती माणसं आता काय करणार?"

शशिकांत म्हणाला, "मला माहीत नाही. मला ते कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही."

कालिंदीला वाटलं, आता गडबड होणार. पण त्या उत्तराने खोली शांत झाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी काही झाकलं नव्हतं. पुढचा तासभर घासाघीस झाली आणि शेवटी तीन गोष्टी कागदावर आल्या: यंत्रामुळे कुणाला काढणार नाही, दारावर खरी पाटी लागेल, आणि यंत्रावर बसायला बाहेरचं माणूस न आणता कचेरीतल्याच कुणाला शिकवलं जाईल. शिकायला कोण जाणार, हा प्रश्न निघाला तेव्हा कुणीतरी गमतीने छबीचं नाव घेतलं. बोर्डावर येण्याआधी ती टायपिस्ट होती. छबीने सगळ्यांकडे एकदा रागाने बघितलं आणि म्हणाली, "जाते. निदान ते काय करतंय ते आपल्या माणसाच्या डोळ्यांसमोर होईल."

दोन आठवड्यांत छबीचा हात यंत्रावर बसला. एकतीसच्या कळीभोवती कालिंदीने लाल लोकर गुंडाळून ठेवली, कुणाचाही हात चुकून जाऊ नये म्हणून. लाइन आता तासन् तास टिकायची. पण सुख कसलं? रोज पावणेबाराच्या सुमाराला आकड्यांची गिचमिड व्हायची आणि संबंध तुटायचा.

"कालिंदी! कळ ओढलीस?" छबी फोनवर ओरडायची.

"दोन्ही हात मांडीवर आहेत माझे."

शशिकांत खाली येऊन उभा राहिला. त्याची नजर लाल लोकरीवर गेली. कालिंदीने ती पाहिली. दुसऱ्या दिवशी साडेअकराला बोर्ड दुसरीवर सोपवून ती वर जाऊन बसली, रिसीव्हरवर हात ठेवून. "गिचमिड दिसली की मला सांग," ती छबीला म्हणाली.

अकरा बेचाळीसला छबी म्हणाली, "झाली!" कालिंदीने वाट्यांतून रिसीव्हर उपसला आणि कानाला लावला. शिळेच्या मागून एक ठसठशीत बंगाली आवाज येत होता.

"हॅलो, दिल्लीचा ट्रंक कॉल आहे तुमच्या संचालकांना. लाइन मोकळी करा. हॅलो? ही शिट्टी कोण वाजवतंय?"

"पूर्णिमादी?" कालिंदी म्हणाली.

"कोण, कालिंदी? तू काय करतेस या लाइनवर?"

परगावचे कॉल जोडून देणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजमधल्या पूर्णिमा लाहिडीचा आवाज कालिंदी पंधरा वर्षं रोज ऐकत होती. आता उलगडा व्हायला वेळ लागला नाही. दिल्लीहून संचालकांना रोज पावणेबाराला कॉल यायचा, तो एक नंबरच्या लाइनवर, कारण टेलिफोनच्या पुस्तकात कचेरीचा तोच नंबर छापलेला. लाइन गुंतलेली दिसली की ट्रंक एक्स्चेंजला मध्ये शिरून सांगायची मुभा होती, आणि पूर्णिमादी तिचं काम चोख करत होती. चांगली लाइन म्हणून एक नंबर एकतीसला देणारीही कालिंदीच.

त्याच दिवशी तिने एकतीसला सहा नंबर दिला. ती लाइन जरा खरखरीची होती, पण तिचा नंबर कुठेच छापलेला नव्हता आणि ट्रंकवाल्यांना ठाऊक नव्हता. शशिकांतने खरखर चालते का ते दोन दिवस तपासलं. चालत होती. तिसऱ्या दिवशी छबीने दहा ते पाच एका बैठकीत एका नदीचं काम उरकलं आणि खाली येऊन कागदाचं भेंडोळं कालिंदीच्या मांडीवर टाकलं.

"घे. तुझी शीळ. वाच."

"मला काय कळतंय यातलं?"

"मलाही नाही. पण सरळ ओळी आहेत ना?"

शशिकांत पुन्हा रविवारी येऊ लागला. पहिल्या रविवारी तो बराच वेळ दारातच घुटमळला, मग म्हणाला, "कालिंदीताई, त्या दिवशी मी लोकरीकडे बघितलं. चुकलं माझं."

"बघायलाच हवं होतं," ती म्हणाली. "मीही आधी तिकडेच बघितलं. बसा, थालीपीठ गार झाला."

"झालं," आतून सुहासिनीबाई म्हणाल्या.

मेमो रद्द झाला नाही. तो तिच्या नोकरीच्या नोंदवहीत तसाच राहिला, आणि तिनेही तो काढून घ्यायला अर्ज केला नाही.

पूर्णिमादीचा फोन त्या आठवड्यातच आला होता, कसलाही कॉल नसताना. "पंधरा वर्षं बोलतोय आपण. अजून तोंड बघितलं नाही एकमेकींचं. माझी निवृत्ती आलीय." दोघींनी शनिवारी दुपारी सियालदह स्टेशनच्या मोठ्या दाराशी भेटायचं ठरवलं. कालिंदी वेळेआधी जाऊन उभी राहिली. लोकलची गर्दी बाहेर पडत होती, आणि त्या गर्दीत ती एक उंच, भारदस्त बाई शोधत होती, कारण आवाज तसाच होता. बराच वेळ कुणी आलं नाही. तिच्या खांद्यालाही न पोचणारी, जाड चष्म्याची एक म्हातारी शेजारी येऊन केव्हाची उभी होती आणि तीही गर्दीत कुणाला तरी शोधत होती. शेवटी त्या म्हातारीने वैतागून, फोनवरच्या त्याच ठसठशीत आवाजात, एका हमालाला विचारलं, "किती वाजले रे?"

कालिंदी वळली आणि हसायलाच लागली. मग दोघींनी जाऊन चहा घेतला. दोनदा घेतला.